मिस यूजेनीच्या नावाची कॉफी

न्यू ऑर्लिन्सच्या आमच्या सेव्हन्थ वॉर्डात बाईची पारख करायची तर सरळ तिचा फ्रिज उघडावा. आत एक बाटली असते. कधी दुधाची, कधी व्हिस्कीची रिकामी झालेली, आणि तिच्यात काळाभोर कॉफीचा अर्क. बाटली तळाला गेलीय आणि बरणीत नवी कॉफीही भिजत नाहीये, असं दिसलं की त्या घरात काहीतरी बिघडलंय असं खुशाल समजावं. एक तर नवरा निघून गेलाय, नाहीतर बाई आजारी आहे.

ओडिलियाची बाटली मी कधी तळाला गेलेली बघितली नाही. आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. उजवीकडे मी, डावीकडे ती आणि तिचा नवरा अल्सीड. भिंत इतकी पातळ की तिकडे अल्सीड शिंकला की इकडून मी 'देव तुझं भलं करो' म्हणायचे आणि तो तिकडून 'थँक यू, मिस नोएली' म्हणायचा. त्यामुळे मी सांगतेय त्यातलं निम्मं डोळ्यांनी बघितलेलं आहे आणि निम्मं कानांनी ऐकलेलं. पदरचं काही घातलेलं नाही. राग तेवढा माझा आहे.

ओडिलिया कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडची, अपटाउनची. न्यू ऑर्लिन्स हे एकच गाव आहे असं बाहेरून येणाऱ्यांना वाटतं. आम्ही अलीकडचे क्रेओल, म्हणजे फ्रेंच आणि काळ्या रक्ताच्या मिसळीचे लोक. आमची आडनावं फ्रेंच, आमचं चर्च कॅथलिक, आमचे आजे-पणजे गवंडी नाहीतर गिलावा करणारे, आणि आमच्या उजळ कातडीबद्दल आम्ही कधी बोलत नाही आणि ती कधी विसरतही नाही. ओडिलिया रंगानं चांगली काळीसावळी, बाप्टिस्ट घरातली, बाप गोदीवर हमाल. अल्सीडला ती एका नाचात भेटली आणि त्यानं तिथंच ठरवून टाकलं. ते मात्र त्याचं खरं होतं. आईच्या मनाविरुद्ध आयुष्यात एकदा वागला, आणि मग उरलेला सगळा जन्म त्याची भरपाई करत बसला.

आई म्हणजे मिस यूजेनी; आमच्याकडे मोठ्या बाईला लग्नानंतरही 'मिस'च म्हणतात. आमच्याच वस्तीत दोन गल्ल्या सोडून राहायची. विधवा, ताठ, रविवारी चर्चला हातमोजे घालून जाणारी. लग्नाच्या जेवणात ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ''मुलगी बरी आहे. अंगापिंडानं मजबूत आहे.'' आमच्याकडे पूर्वी खेचर विकत घेताना असं बोलायचे. ओडिलिया हसली. तिला वाटलं कौतुकच झालं. पुढे एकदा तिच्या तोंडून चुकून 'ममा' निघून गेलं, तर म्हातारी टोपीची टाचणी लावता लावता म्हणाली, ''मला एकच मूल आहे. मुलगा. मुलगी झाल्याचं मला तरी आठवत नाही.'' तेव्हापासून ओडिलिया तिला सगळ्या वस्तीसारखं 'मिस यूजेनी' म्हणायला लागली.

ओडिलियानं धर्म बदलला, माळ जपायला शिकली, शुक्रवारी मटण सोडलं. शाळेच्या भटारखान्यात नोकरी करून घरचंही सगळं करायची. पण तिच्या माहेरी कॉफी चुलीवर खळखळा उकळायचे, आणि लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात अल्सीडला तशी कॉफी प्यावी लागली हे मिस यूजेनीच्या कानावर गेलं. तिनं सुनेला बोलावून घेतलं. ''माझ्या मुलाला गढूळ पाणी पाजू नकोस,'' म्हणाली. ''बघून ठेव. एकदाच दाखवीन.''

आणि खरंच एकदाच दाखवलं. एक पौंड कॉफी, जाडसर दळलेली. तिच्यात मूठभर भाजलेली चिकरी, मूठ म्हणजे मूठ, ओंजळ नाही. दहा कप पाणी, नळाचं थंड. आधी चिनीमातीच्या बरणीत थोडं पाणी, मग कॉफी, मग उरलेलं पाणी वरून बारीक धारेनं, गोल गोल. ढवळायचं नाही. वर तरंगणारा कोरडा थर चमच्याच्या पाठीनं हलकेच दाबून ओला करायचा, वर फडकं बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बरणीचं नावही काढायचं नाही. मग मलमलीतून गाळायचं, दोन वेळा. फडकं पिळायचं नाही. पिळलं की कॉफीच्या पोटातला सगळा कडवटपणा खाली येतो. खाली पडतो तो अर्क, आणि तो नुसता प्यायचा नसतो. एक भाग अर्क, तीन भाग दूध. थंडीत दूध तापवून, उन्हाळ्यात गार, वर बर्फ.

एवढंच आहे. यात गुपित काही नाही. सगळी गल्ली असंच करते. ओडिलियानं घरी येऊन तसंच्या तसं केलं. अल्सीड घोट घेऊन म्हणाला, ''ठीक आहे. पण ममासारखी नाही.''

हे वाक्य मी भिंतीतून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. सुरुवातीला ओडिलियाला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. पाणी एक कप कमी करून बघितलं, एक कप जास्त घालून बघितलं. चिकरी चिमटीचिमटीनं वाढवली, उतरवली. पाणी उकळून गार करून घातलं. प्रत्येक वेळी पहिला पेला माझ्याकडे यायचा, भिंतीला वळसा घालून. मी म्हणायचे, ''बाई, याच्यापेक्षा चांगली मी जन्मात प्यायले नाही.'' ती म्हणायची, ''तुझ्या जिभेचं काय घेऊन बसलीस, नोएली? तू सगळंच छान म्हणतेस.'' मी सगळंच छान म्हणत नाही. मला ओळखणारा कोणीही सांगेल.

शेवटी ती पुन्हा मूळ प्रमाणावर आली आणि तिथंच राहिली. चर्चच्या जत्रेत तिच्या बाटल्या सगळ्यांत आधी संपायच्या. कुणाकडे मयत झाली की लोक निरोप पाठवायचे, ''ओडिलियाला म्हणावं, कॉफी तू आण.'' ज्यांनी तिला लग्नात पाठ दाखवली होती त्या बायका तिच्या कॉफीसाठी रांगेत उभ्या राहायच्या. एकटा अल्सीड राहिला होता.

मी तिला एकदा स्पष्ट म्हटलं, ''नावडतीचं मीठ अळणी. कितीही घाल.''

''नावडती कशानं?'' ती उसळली. ''शुक्रवारी माझ्यासाठी मासे आणतो. मारत नाही, पीत नाही.''

नवऱ्याचं कौतुक 'मारत नाही, पीत नाही' इथवर आलं की मी पुढे बोलत नाही.

एकदा तिनं धीर करून थेट सासूलाच विचारलं. ''मिस यूजेनी, माझ्या कॉफीत काय कमी पडतं?''

म्हातारीनं तिच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. ''कमी काही पडत नाही,'' म्हणाली. ''तूच जास्त होतेस.''

मला हे सांगताना ओडिलिया हसत होती, आणि हसताहसताच तिनं ॲप्रनला डोळे पुसले. कॉफीचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. पण तिला कॉफीबद्दल ऐकायचंच नव्हतं. अल्सीडच्या तोंडून एकदा निघायला हवं होतं की आता हिच्यात आणि आमच्यात फरक नाही, ही इथली झाली. तेवढ्या एका वाक्यासाठी ती दर आठवड्याला बरणी भरत होती.

मधल्या काळात क्लेबोर्न रस्त्यावरची ओकची झाडं पाडून सरकारनं वर हायवे बांधला, ओडिलियाची मुलगी लग्न करून लॉस एंजेलिसला गेली, माझा नवरा गेला. मिस यूजेनी ऐंशीला टेकली तरी एकटीच राहत होती. अल्सीड रोज सकाळी कामावर जाताना ट्रक तिच्या दारात लावायचा, आत जाऊन कॉफी प्यायचा आणि मग पुढे जायचा. घरून पिऊन निघाला तरी तिथली प्यायचाच.

एका सोमवारी ओडिलिया सासूला राजमा-भात द्यायला गेली. सोमवार म्हणजे आमच्याकडे राजमा-भात, त्यात नवीन काही नाही. अल्सीड त्या आठवड्यात बॅटन रूजला कुठल्यातरी चर्चच्या छताला गिलावा करायला गेला होता. दारात आलेल्या माणसाला कॉफी दिल्याशिवाय मिस यूजेनी वैऱ्यालाही जाऊ देत नसे. तिनं अर्क ओतला, दूध ओतलं, पेला पुढे केला. ओडिलियानं घोट घेतला आणि तिच्या घशात आगच पडली. कडूजहर. जळक्या लाकडाची चव. तिला क्षणात कळलं काय झालंय. पौंडभर चिकरी आणि मूठभर कॉफी. दुकानातून दोन्हीचे पुडे सारख्याच तपकिरी कागदात येतात. म्हातारीनं प्रमाण उलटं केलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

ओडिलियानं तरीही पेला संपवला.

''कशी झालीय?'' मिस यूजेनीनं विचारलं.

''छान.''

''खोटारडी. अल्सीडचा बाप एरंडेल पिताना असं तोंड करायचा.''

मग म्हातारी खुर्चीत बसली. हातमोजे नसलेले तिचे हात ओडिलियानं त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितले. बोटं वाकडी झालेली, मनगटं सुजलेली. ''मला वास येत नाही,'' मिस यूजेनी म्हणाली. ''चवही नाही. बरणी उचलवत नाही. गेल्या महिन्यात गाळताना निम्मा अर्क जमिनीवर गेला, मी बसून पुसला. अल्सीडला कळलं तर मला नन्सच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल. चांगल्यासाठीच ठेवेल. आणि मी तिथं मरेन.''

ओडिलिया म्हणाली, ''मी देत जाईन करून.''

''कधी?''

''दर शुक्रवारी. मागच्या दारानं आणते.''

''त्याला कळता कामा नये.''

''नाही कळणार.'' आणि मग, मला आनंद वाटतो की इथं तरी ती मेणाची नव्हती, तिनं विचारलं, ''पण कधीतरी तर कळेल ना, मिस यूजेनी? कोण सांगणार?''

''मी सांगेन,'' म्हातारी म्हणाली. ''डोळे मिटायच्या आधी मीच सांगेन. त्याच्या तोंडावर सांगेन, की बाबा, तू प्यायलास ती हिच्या हातची. शब्द देते.'' आणि तिनं छातीवर क्रूस काढला.

त्या संध्याकाळी ओडिलिया माझ्याकडे पोर्चवर आली तेव्हा तिचं तोंड चंद्राएवढं झालं होतं. मला म्हणाली, ''नोएली, तिनं शब्द दिलाय.'' मी म्हटलं, ''शब्दाची काय भाजी करायची? आज रात्रीच सांगून टाक नवऱ्याला.'' ''छे, छे. माझ्या तोंडून निघालं तर त्याला काय किंमत? तिच्या तोंडून निघायला हवं.'' आणि यात तिचं खरं होतं, हे मलाही मान्य करावं लागलं.

झालं. दर शुक्रवारी पिशवीत बाटली, वर कोबीचा गड्डा, आणि बाई मागच्या गल्लीनं सासूकडे. मी कुंपणावरून बघायचे आणि भुवया उडवायचे. पहिले काही महिने आमची काय करमणूक झाली म्हणून सांगू! अल्सीड सकाळी आईकडे ओडिलियाची कॉफी प्यायचा, वाहवा करायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच बरणीतली, त्याच दिवशी गाळलेली, त्याच बायकोच्या हातची कॉफी पिऊन म्हणायचा, ''ठीक आहे. पण आज सकाळी ममाकडची प्यायलो ना, ती...'' ओडिलिया पाठ फिरवून शेगडीशी काहीतरी करायची. तिचे खांदे हलायचे. मी भिंतीपलीकडे तोंडात पदर, म्हणजे ॲप्रन, कोंबून बसलेली.

एकदा तर पोर्चवर आम्ही तिघं बसलेलो असताना तो म्हणाला, ''ओडी, ममा आज आहे, उद्या नाही. तिच्याकडून एकदा नीट शिकून का घेत नाहीस?''

''शिकवलंय तिनं.''

''मग हात धरून शिक. मिस नोएली, खरं सांगा. मी नुसतं बोट लावून सांगतो गिलाव्यात चुना किती आणि वाळू किती. तीस वर्षं तेच केलंय. मला कॉफीतला फरक कळणार नाही?''

''तुला नाही कळणार तर कुणाला कळणार, अल्सीड,'' मी म्हटलं. ओडिलिया उठून आत पळाली.

पण थट्टा किती दिवस पुरते? वर्ष उलटलं. एका शुक्रवारी ओडिलियानं विषय काढला तर मिस यूजेनी म्हणाली, ''ईस्टर होऊ दे.'' ईस्टर झाला. ''त्याच्या वाढदिवसाला सांगते.'' वाढदिवसाला म्हातारीनं त्याला त्याच्या बापाचं घड्याळ दिलं आणि पेलाभर कॉफी पाजली, आणि तो घरी येऊन बायकोला म्हणाला, ''आजची तर अगदी लहानपणी होती तशी होती.'' भिंतीपलीकडून मला हसू ऐकू आलं नाही. भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

तरी ती जात राहिली. खरं सांगायचं तर त्या शुक्रवारांनी तिला थोडं भुलवलंच. म्हातारी तिच्याकडून केस विंचरून घ्यायला लागली होती. नवऱ्याच्या, तरुणपणाच्या गोष्टी सांगायची. एकदा तिनं ओडिलियाचं मनगट धरलं आणि म्हणाली, ''तुझा हात चांगला आहे गं.'' सगळ्या संसारात मिळालेलं हे एकच सर्टिफिकेट, आणि तेही बंद दाराआड, साक्षीला कोणी नसताना. ओडिलियानं ते मला चार वेळा सांगितलं. मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकून घेतलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मिस यूजेनीचं हृदय थकलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलात ठेवू का विचारलं, तर म्हातारी म्हणाली माझ्याच पलंगावर मरेन, आणि अल्सीडनं ऐकलं. ओडिलिया नोकरीवरून रजा घेऊन तिथंच राहिली. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिनं केलं. मी इथं त्याचा पाढा वाचत नाही, कारण तिनं कधी वाचला नाही.

शेवटच्या दुपारी आम्ही चार-पाच बायका पलंगाशेजारी माळ जपत होतो. फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. खिडकीत पंखा घरघरत होता. अल्सीड कामावरूनच आलेला, बुटांवर चुना तसाच, आईचा हात धरून बसला होता. ओडिलिया बर्फ घातलेली कॉफी घेऊन आली. म्हातारीचे ओठ कोरडे पडले होते. तिनं चमच्यानं दोन थेंब ओठांवर सोडले. मिस यूजेनीनं डोळे उघडले.

''अल्सीड,'' ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता. ''कॉफीचं एक बोलायचं राहिलं.''

माझी माळ हातात थांबली. मी ओडिलियाकडे बघितलं. तिच्या हातातल्या पेल्यात बर्फ किणकिणत होता.

''बोल ममा,'' अल्सीड म्हणाला.

म्हातारीनं ओडिलियाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नजर काढून मुलाकडे वळवली.

''आता तुला माझ्यासारखी कॉफी कोण देणार, बाळा?''

अल्सीड ओक्साबोक्शी रडायला लागला. बायका पुन्हा माळ जपायला लागल्या. ओडिलिया पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती मोरीपाशी उभी होती. म्हणाली, ''विसरली असेल गं. औषधांनी डोकं ठिकाणावर नसतं.'' विसरलेला माणूस तुमच्याकडे बघून मग नजर फिरवत नाही. पहाटे म्हातारी गेली. गेलेल्या माणसाला माफ करावं म्हणतात. मी अजून केलेलं नाही, आणि कन्फेशनला फादरना तसं सांगूनही टाकलंय.

मयतीला सगळा वॉर्ड लोटला. कॉफी अर्थात ओडिलियानंच केली. अल्सीडनं त्या कॉफीला हात लावला नाही. म्हणाला, आज घशाखाली उतरणार नाही.

नंतर आईचं घर रिकामं करताना त्याला फ्रिजात एक बाटली सापडली. पाव भरलेली. शेवटच्या शुक्रवारची. ती त्यानं आपल्या कोटात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तशी छातीशी धरून घरी आणली आणि फ्रिजात अगदी मागे ठेवली. ''हिला कोणी हात लावायचा नाही,'' बायकोला सांगितलं. ''ममाच्या हातची शेवटची आहे.''

ओडिलियानं तेव्हाच सांगायचं ना? मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, ''रडतोय तो, नोएली. रडणाऱ्या माणसाला काय सांगू?''

दर रविवारी चर्चहून आल्यावर तो त्या बाटलीतून दोन बोटं अर्क काढायचा, स्वतः दूध घालायचा आणि एकटाच बसून प्यायचा. तिसऱ्या रविवारी मला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली. अल्सीडनं बाटली काढली. तळाशी जेमतेम एक पेल्यापुरतं उरलं होतं. त्यानं दूध घातलं, घोट घेतला, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

''ही,'' तो म्हणाला. ''मिस नोएली, ही कॉफी.'' मग त्यानं पेला बायकोपुढे सरकवला. ''घे. घोटभर घे. गिळू नकोस लगेच, जिभेवर ठेव. तुझ्या कॉफीत काय नाही ते बघ.''

मनापासून देत होता हो. त्याच्या दृष्टीनं आईची शेवटची ठेव तो बायकोबरोबर वाटून घेत होता. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

ओडिलियानं घोट घेतला. जिभेवर ठेवला. गिळला.

''आंबायला लागलीय,'' ती म्हणाली.

''ममाची कॉफी आंबत नसते!''

''ही माझी आहे, अल्सीड.''

आणि तिनं सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून. तो चिकरीचा सोमवार, म्हातारीची बोटं, आश्रमाची भीती, मागचं दार, दिलेला शब्द. ''दोन वर्षं तू तिकडे रोज माझीच पीत होतास,'' म्हणाली. अल्सीडनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ''माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दर शुक्रवारी, कोबीच्या गड्ड्याखाली.''

तो टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता याच्या डोक्यात उजेड पडणार. आता हा तिचा हात धरणार. एवढ्या वर्षांचं देणं आज एका वाक्यात फिटणार. ओडिलियालाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं टेबलावरचा हात मागे घेतला नव्हता.

अल्सीडनं पेला उचलला आणि पुन्हा एक घोट घेतला. तोंडात घोळवला, जसा तो बोटांवर गिलावा चोळून बघतो तसा. मग पेला खाली ठेवला आणि मान हलवली.

''तरीच,'' तो म्हणाला. ''मला वाटायचंच. गेली दोन वर्षं ममाच्या हाताला चव राहिली नव्हती. म्हातारीला कशाला दुखवा, म्हणून मी छान छान म्हणायचो.''

त्यानं उठून उरलेली कॉफी मोरीत ओतली आणि बाटली विसळायला घेतली.

''आणि मला?'' ओडिलियानं विचारलं.

''तुला काय?''

''मला दुखवू नये असं कधी वाटलं नाही?''

तो नळ बंद करून वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. काही लपवल्याचा भावही नव्हता. तो बिचारा खरंच विचारात पडला होता.

''तुला काय दुखायचंय त्यात?'' तो म्हणाला. ''कॉफीच तर आहे.''